मारुती ८०० सिग्नलला बंद पडते: दीड महिन्याच्या नोंदी

गाडी १९९५ ची मारुती ८००, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, कार्बोरेटर आणि पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा जुना यांत्रिक स्विच). म्हणजे कॉम्प्युटर लावून कोड वाचायची सोय नाही. आबांनी घेतली तेव्हा मी सहावीत होतो. आता मी शाळेत विज्ञान शिकवतो. आबांनी रात्री गाडी चालवणं सोडलंय, पण गाडी सोडलेली नाही. ऑगस्टमध्ये चौथ्यांदा पासिंगला न्यायची आहे, तेवढ्यात हे दुखणं आलं. कार्बोरेटरवाली जुनी गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय. माझ्या चुकाही तशाच ठेवल्यात, कारण निम्मा वेळ त्यांतच गेला.

रविवार, १ जून २०२५

लक्षण असं. सकाळी चोक (हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) ओढून गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. चोक ओढलेला असेपर्यंत सुरळीत चालते. इंजिन तापलं आणि चोक आत ढकलला की स्लो घेत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरतं, आरसा हलतो, दोन-तीन वेळा खोकल्यासारखं होतं आणि बंद. तीनच सिलिंडर असल्यामुळे एकानं दगा दिला तरी अख्खी गाडी हलते. चालत्या गाडीला काही नाही, तिसऱ्या-चौथ्या गिअरला ओढ व्यवस्थित.

आज दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला दोनदा बंद पडली. मागून केएमटीची बस. शेवटी चोक थोडा ओढून ठेवला आणि तसाच घरी आलो. चोक ओढला की बरं चालतं, हा पहिला धागा मला पहिल्याच दिवशी मिळाला होता. तेव्हा तो धागा आहे हे कळलं नाही.

वाटेत पीयूसी करून घेतली, कारण ती पण संपत आली होती. नापास. चिठ्ठीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) १,८४० पीपीएम. या वयाच्या गाडीला मर्यादा सीओ ३ टक्के, एचसी १,५००. पोरगा म्हणाला, "मास्तर, कार्बोरेटर सेट करून आणा." १२५ रुपये दिले, चिठ्ठी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली आणि विसरलो.

शनिवार, ७ जून

गॅरेजला दिली. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. "ट्यूनिंग करावं लागेल" म्हणाला. तीन प्लग, सीबी पॉइंट, कंडेन्सर, एअर फिल्टर आणि मजुरी धरून १,४५० रुपये. पॉइंट खरंच खड्डे पडलेले होते, बदलायला आलेच होते. संध्याकाळी गाडी आणली तेव्हा स्लोला झक्कास उभी. मी खूश.

सोमवारी शाळेतून येताना लक्षात आलं की स्लो फारच चढा आहे. सिग्नलला उभं राहिलं तरी शेजारचा रिक्षावाला बघतो, इतका. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, म्हणून घरी मल्टिमीटर लावला. १,४०० च्या वर. हवा साधारण ९००. म्हणजे दुखणं बरं झालं नव्हतं, त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. स्लोचा स्क्रू ९५० पर्यंत खाली घेतल्याबरोबर पुन्हा तीच थरथर आणि तोच खोकला.

रविवार, १५ जून

आता मीच बघतो म्हटलं. तशी आबांनी ताकीद दिली होती: "एक काम कर, पण एका वेळी एकच कर." हेच वाक्य मी नववीच्या पोरांना प्रयोगाच्या तासाला वेगळ्या शब्दांत सांगतो. ऐकलं नाही.

पॉइंटचा गॅप फिलर गेजनं बघितला, ०.४५. बरोबर होता. टाइमिंग (ठिणगीची वेळ) बघावं म्हणून प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला आणि मूळ जागेची खूण न करता तो फिरवला. ही पहिली चूक. प्लगच्या वायरी पण साफ कराव्यात म्हणून तिन्ही एकदम काढल्या. ही दुसरी. परत लावताना कॅपवर ओळीनं एक-दोन-तीन लावल्या. या इंजिनाचा ठिणगीचा क्रम एक-तीन-दोन आहे.

सेल्फ मारला तर कार्बोरेटरमधून असा आवाज आला की समोरच्या वहिनी गॅलरीत आल्या. आबा आतून ओरडले, "अरे, दिवाळी आत्ताच का?"

वायरी बदलल्यावर सुरू झाली, पण टाइमिंग कुठं होतं ते गेलं ते गेलंच. पुलीवरची खूण खडूनं ठळक करून, पॉइंटवर बल्ब लावून पुन्हा पहिल्यापासून बसवलं. दुपारी चारला जिथं पोचलो, तिथं सकाळी नऊला होतोच. डिस्ट्रिब्युटर हलवायच्या आधी बॉडी आणि ब्लॉक दोन्हीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. दहा सेकंदांचं काम आहे.

एक गोष्ट मात्र बरी झाली. व्हॅक्युम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीनुसार ठिणगी आधी देणाऱ्या डबीची) रबरी नळी काढून तोंडानं ओढून बघितली. जीभ नळीला चिकटून राहिली, म्हणजे डायफ्रॅम फाटलेला नाही. आबांनीच दाखवलेली जुनी युक्ती.

कॉम्प्रेशन पण मोजून घेतलं, गेज शेजारच्याकडून उसना. १५०, १५५, १५०. तिन्ही सारखे म्हटल्यावर इंजिनच्या पोटात काही नाही, हे एकदाचं डोक्यातून गेलं.

रविवार, २२ जून

कार्बोरेटर उतरवला. प्रत्येक नळी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो आणि नळीला कागदी पट्टी. एवढी अक्कल गेल्या रविवारनं दिली होती.

फ्लोट चेंबर उघडलं तर तळाला पांढुरकी पूड आणि गाळ. पेट्रोलच्या एका नळीचं रबर फुगून मऊ पडलेलं, नखानं दाबलं की खूण राहत होती. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल ऐकलं होतं, म्हटलं स्वतः मोजूया. शाळेच्या प्रयोगशाळेतलं १०० मिलीचं मोजपात्र आणलं. आधी २० मिली पाणी, वर ८० मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवलं आणि अंगणात सावलीत ठेवलं, विडी-काडीपासून लांब. पाच मिनिटांत दोन थर वेगळे झाले. खालचा पाण्याचा थर विसावरून छत्तिसाच्या जवळ आलेला. म्हणजे १६ मिली इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरलं होतं. ८० मधलं १६, बरोबर २० टक्के. आबा वाकून बघत होते. म्हणाले, "ऊस आपला, कारखाना आपला, आणि शेवटी आपल्याच कार्बोरेटरला लागला."

यात माझ्या गाडीच्या कामाचा मुद्दा एवढाच. साध्या पेट्रोलला एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्याच जेटमधून त्याच मापानं गेलं, तर मिश्रण मुळातच थोडं हलकं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, पडतं. गाडी बंद पडण्याचं हे एकटं कारण नव्हतं, ते पुढं कळलं. पण आधीच काठावर असलेल्या गाडीला ढकलायला एवढं पुरतं.

जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) सगळे काढून क्लीनरनं धुतले, कंप्रेसरची हवा मारली. स्लोच्या जेटचं भोक उजेडाला धरून बघितलं, सुईच्या टोकाएवढं पण स्वच्छ. यात तार घालू नका, भोक मोठं होतं. गॅरेजवाल्यानं मिक्सरचा स्क्रू (स्लोला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) किती उघडला होता ते काढायच्या आधी मोजलं: हलक्या हातानं पूर्ण बंद करेपर्यंत साडेचार फेरे. हा दुसरा धागा. साडेचार फेरे पेट्रोल उघडूनही गाडीचं पोट भरत नव्हतं, तर हवा कुठून तरी जास्त येत असणार. हे आज इथं लिहिताना सोपं वाटतं.

किट ३८० रुपये. त्यातली पॅकिंग कागदी आणि पातळ, मला विश्वास वाटेना. म्हणून कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगला दोन्हीकडून सिलिकॉन फासलं, ९० रुपयांची ट्यूब. वर दोन्ही नट बाराच्या लांब रिंग पान्यानं करकचून आवळले. हवा जायलाच नको म्हणून.

संध्याकाळी गाडी चालली. खरंच चालली. ९५० ला उभी, आरसा स्थिर. रात्री घरात बासुंदी.

बुधवार, २५ जून

आधीपेक्षा वाईट. आता चोक ओढूनही स्लो घेत नाही.

पुन्हा उतरवला. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून, सुटून जेलीसारखं झालेलं. त्याचा केसासारखा एक तुकडा मिक्सरच्या स्क्रूच्या वाटेत अडकलेला. चिमट्यानं ओढला तर अर्धा इंच निघाला. पेट्रोल लागतं तिथं सिलिकॉन लावू नये हे ट्यूबवरच लिहिलंय, बारीक अक्षरात, मी फासल्यावर वाचलं. सगळं खरवडून काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. बाहेर पाऊस, आत स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र टाकून कार्बोरेटर. बायकोनं दुसऱ्या दिवशी तो ओटा माझ्याकडून तीनदा पुसून घेतला. घरात पेट्रोलचं काम करू नये हे तिचं म्हणणं बरोबरच होतं, पुढचं सगळं पडवीत केलं.

रविवार, २९ जून

आज काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं, असं ठरवून बसलो. व्हॅक्युम गेज आणला होता, ९०० रुपये. मॅनिफोल्डवरची (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे जाणाऱ्या वाटेवरची) एक रबरी नळी काढून त्या तोटीला जोडला.

समुद्रकाठी निरोगी इंजिन स्लोला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. दर हजार फुटांमागे साधारण एक इंच वजा करायचा. कोल्हापूर अठराशे फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्याला १५ च्या वर, १७-१८ मिळालं तर उत्तम. माझा काटा १२ वर. हलत नव्हता, फडफडत नव्हता, निवांत १२ वर बसलेला. व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठेक्यात खाली उडी मारतो. स्थिर आणि कमी, याचा अर्थ टाइमिंग मागं आहे किंवा हवा चोरवाटेनं आत येते. टाइमिंग मी १५ तारखेला बल्ब लावून बसवलं होतं, पुन्हा तपासलं, बरोबर.

मग चोरवाट शोधायची. बरेच जण कार्ब क्लीनरचा फवारा मारून शोधतात. तापलेल्या इंजिनवर मला ते धाडस होईना, म्हणून बायकोची इस्त्रीची पाण्याची बाटली घेतली. इंजिन सुरू ठेवून प्रत्येक सांध्यावर बारीक फवारा. मॅनिफोल्ड आणि हेडचा सांधा: काही फरक नाही. ॲडव्हान्सची नळी: नाही. इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणारी पीसीव्हीची नळी पक्कडीनं हलकी दाबून बघितली: नाही. कार्बोरेटरच्या बुडाला, बॅटरीच्या बाजूनं फवारा मारल्याबरोबर आवाज बदलला. थरथर दोन सेकंद थांबली, काटा १२ वरून १५ वर गेला, पाणी ओढून घेतल्यावर परत खाली. पुन्हा मारला, पुन्हा तेच. आबांना बोलावून दाखवलं. त्यांनी बाटली हातात घेऊन चार वेळा मारलं. त्यांना मजा वाटत होती.

कार्बोरेटर उतरवला, तिसऱ्यांदा. बुडाला स्टीलची पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे बघितलं. मधून उजेड दिसत होता. दोन्ही नटांच्या कानांकडे बूड खाली वाकलेलं, मध्ये कमान. फिलर गेजचं ०.२५ चं पान मधून आरपार जात होतं. थोडी कमान तीस वर्षांत आलेली असणार. बाकीची गेल्या रविवारी बाराच्या पान्यानं मी आणली. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये जाड काळी फायबरची पॅकिंग असते, इंजिनची उष्णता वर जाऊ नये म्हणून. तिलाही एका कोपऱ्यात केसाएवढी चीर.

मग कप्प्यातली पीयूसीची चिठ्ठी आठवली. सीओ ०.३, एचसी १,८४०. सीओ कमी म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. एचसी जास्त म्हणजे मिश्रण इतकं हलकं की पेटतच नाही आणि कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर. सगळं उत्तर १ जूनला १२५ रुपयांत छापून मिळालं होतं. मी विज्ञानाचा मास्तर.

गुरुवार, ३ जुलै

शाळा सुटल्यावर शिवाजी उद्यमनगरात. बूड सपाट करून पाहिजे म्हटल्यावर पहिल्या दोन ठिकाणी "एवढंसं काम नाही करत" असं ऐकलं. तिसरीकडे सरफेस ग्राइंडर होता, पण मालक म्हणाला की मशीनचं टेबल चुंबकाचं, ॲल्युमिनियम धरणार नाही, व्हाइसमध्ये पकडलं तर अजून वाकेल. त्यानं गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या फिटरकडे पाठवलं.

त्यांनी कार्बोरेटर हातात घेतला, बुडावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "केवढा पाना लावला हुता?"

"बाराचा. लांब."

"ह्याला बोटभर पाना लई झाला. इंजान न्हाय बांधायचं, झाकण बसवायचं हाय."

सगळे तुकडे काढून त्यांनी फक्त बुडाचा भाग वेगळा घेतला. बटरफ्लायचा (ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेचा) दांडा दोन्ही बाजूंनी हलवून बघितला, मान हलवली: "थोडा झिजलाय, चालंल." मग सरफेस प्लेटवर (अगदी सपाट केलेल्या प्लेटवर) निळा रंग चिमूटभर पुसला, इतका पातळ की प्लेट निळी आहे का काळी ते कळू नये. त्यावर बूड ठेवून एकदा पुढं, एकदा मागं. उलटं केलं तर निळा रंग फक्त दोन्ही कानांवर. मध्ये कोरडं. मग प्लेटवर पॉलिश पेपर पसरून घासायला सुरुवात. इंग्रजी आठाच्या आकारात, दहा-बारा वेळा, मग बूड अर्धं फिरवून पुन्हा दहा-बारा. कधी एका बाजूला भार जास्त येऊ नये म्हणून ते फिरवायचं, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं. चाळीस मिनिटं गेली. मध्ये दोनदा निळा रंग लावून बघितला. पहिल्यांदा कानांभोवती वाढला, दुसऱ्यांदा कडेनं पूर्ण गोल जुळला, मध्ये एक बोटभर ठिपका राहिला. तिसऱ्यांदा सगळं बूड निळं.

दोनशे रुपये घेतले. मी जास्त देत होतो, नको म्हणाले. उलट रॉकेलच्या चिंधीनं पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. धूळ आत राहिली तर पुन्हा येशील म्हणाले, म्हणून घरी सगळ्या वाटा पुन्हा धुतल्या.

फायबरची पॅकिंग आणि दोन कागदी, २४० रुपये. दोन दुकानांत नव्हती, तिसऱ्यानं वरच्या फळीवरून धूळ झटकून काढली.

रविवार, ६ जुलै

आषाढी. घरात सगळ्यांचा उपास, मी शेंगदाण्याची आमटी खाऊन पडवीत.

कोरडी पॅकिंग, सिलिकॉन नाही, काहीच नाही. नट आधी बोटांनी, मग छोट्या पान्यानं पाव-पाव फेरा, एकदा इकडचा, एकदा तिकडचा. पाना दोन बोटांत धरून जेवढा जोर बसेल तेवढाच.

फुगलेली पेट्रोलची नळी बदलली. इथेनॉलला चालणारी नळी मागा, दिसायला सारखीच असते.

मिक्सरचा स्क्रू अडीच फेरे उघडा ठेवून सुरू केली. चांगली तापू दिली, पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत. मग स्लोचा स्क्रू ९०० ला, मिक्सर पाव फेरा आत, थांबायचं, ऐकायचं. आवाज पडला की पाव बाहेर. सगळ्यात वर आरपीएम जिथं मिळाला तिथं ठेवला आणि स्लो पुन्हा ९०० ला आणला. शेवटी पावणेतीन फेऱ्यांवर आलो. इथेनॉलचं पेट्रोल असल्यामुळे अगदी कंजूष न राहता किंचित बाहेर ठेवलाय. गेज १७. काटा खिळा मारल्यासारखा.

संध्याकाळी ज्योतिबाला गेलो. रविवार म्हणून चढाला गाड्यांची रांग, दर शंभर फुटांवर थांबायचं. एकदाही बंद पडली नाही. उतरताना थोडा पाऊस होता.

रविवार, १३ जुलै

बंद पडली.

रंकाळ्याजवळ खड्ड्यात गाडी आपटली, पुढं पाय काढला आणि गेली. लगेच सेल्फ मारला, सुरू झाली, पाय काढला की गेली. ॲक्सिलरेटर दाबून ठेवला तर ठीक. मला वाटलं पॅकिंग पुन्हा गेली. मनातल्या मनात कार्बोरेटर चौथ्यांदा उतरवला.

आबा शेजारी होते. म्हणाले, "ही ती न्हवं. आधी खोकत खोकत मरायची. आता न सांगता मरतीया."

बरोबर होतं. आज थरथर नव्हती, खोकला नव्हता. दिवा विझावा तशी. हवेच्या गळतीत एवढी स्वच्छ बंद पडत नाही. घरी गेज लावला, पाय ठेवून चालवली तर काटा व्यवस्थित.

या कार्बोरेटरला स्लोच्या वाटेवर सोलेनॉइड असतो. चावी चालू केली की बारा व्होल्ट मिळून तो वाट उघडतो, चावी बंद केली की वाट बंद. करंट गेला तर फक्त स्लोचं पेट्रोल तुटतं, मोठ्या जेटवर गाडी चालत राहते. सोलेनॉइडच गेला असं धरून दुपारी ६५० रुपयांचा नवा आणला. तोही लावायच्या आधी चावी चालू करून जुन्याची वायर काढून-लावून बघायचं सुचलं. टक. टक. टक. जुना ठणठणीत. मग वायर जागेवर लावून हलवली: टक... आणि मग काहीच नाही. टर्मिनलच्या गळ्याशी रबराच्या आत तांब्याचे तंतू तुटलेले, एक-दोन शिल्लक. वरून वायर धडधाकट दिसत होती. तीन वेळा कार्बोरेटर काढताना मीच ती तीन वेळा वाकवली.

नवं टर्मिनल, १५ रुपये. दुकानदार सोलेनॉइड परत घेईना. तो आता टूलबॉक्समध्ये आहे, तिथं बाकीच्या अशाच वस्तूंबरोबर.

शनिवार, १९ जुलै

पीयूसी. तोच पोरगा. सीओ १.४, एचसी ३९०. "आता कसं," म्हणाला. आणखी १२५. ही चिठ्ठी पासिंगच्या फायलीत, जुनी नापास चिठ्ठी मात्र मी पडवीत खिळ्याला लावून ठेवलीय.

खर्च मांडतो. गॅरेज १,४५०, किट ३८०, सिलिकॉन ९०, गेज ९००, उद्यमनगर २००, पॅकिंग २४०, सोलेनॉइड ६५०, टर्मिनल १५, पीयूसी दोनदा २५०. एकूण ४,१७५. पेट्रोलची नळी घरात पडून होती. यातली खरी दुरुस्ती २००, २४० आणि १५, म्हणजे ४५५ रुपयांची. गेजचे पैसे मी वाया गेले म्हणणार नाही, तो आता गल्लीत फिरतोय. वेळ मात्र सहा रविवार आणि दोन-चार संध्याकाळी, त्यातला निम्मा मीच बिघडवलेलं निस्तरण्यात.

तुमची गाडी चोक ओढला की बरी चालत असेल, तर आधी इस्त्रीची पाण्याची बाटली घ्या, पान्याला हात नंतर लावा. कार्बोरेटर उतरवलाच तर बुडाला पट्टी लावून उजेडाकडे बघा. आणि सोलेनॉइडची वायर गळ्याशी वाकवू नका.

राहिलेलं: बटरफ्लायच्या दांड्याला थोडी ढिलाई आहे, तिथूनही चिमूटभर हवा जात असणार. त्याला बुश मारावे लागतील, त्या म्हाताऱ्या फिटरना विचारून आलोय. पासिंग झाल्यावर या म्हणाले. चोकची केबल पण जड झालीय. आबांचं म्हणणं, तिला तेल घालू नको, आता ती लागतेय कुठं.